फॉरमॅट मारण्याआधी...

आपल्या हॉस्टेलमध्ये कॉम्प्युटरच्या सगळ्या आजारांवर एकच रामबाण औषध आहे. पीसी हँग होतो? फॉरमॅट मार. नेट चालत नाही? फॉरमॅट मार. स्पीकरमधून आवाज येत नाही? अरे, फॉरमॅट मार ना! पूर्वी म्हणे गावात एखादा वैद्य असायचा, पोट दुखो की डोकं, एरंडेलच पाजायचा. आपण त्याचेच वारसदार! फक्त एरंडेलाने माणसाचा एखादा दिवस वाया जायचा, आपल्या औषधाने घरातले दहा वर्षांचे फोटो, हिशोब, पत्रं सगळं एका दुपारी साफ होऊ शकतं.

मित्रांनो, फॉरमॅट वाईट असं मला म्हणायचं नाही. व्हायरसने पोखरलेली किंवा खरोखर बिघडलेली विंडोज पुन्हा टाकणं हाच कधी कधी योग्य उपाय असतो. माझा आक्षेप आहे तो न बघता दिलेल्या सल्ल्याला. विशेषतः एका तक्रारीबाबत, जी आपल्यापैकी प्रत्येकाने सुट्टीत घरी गेल्यावर ऐकलेली आहे: "अगं, कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ लागतो बघ." या तक्रारीवर आपण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी काय करावं? माझं मत असं की वेळ नेमका कुठे जातोय हे मोजून सांगता येईपर्यंत कोणताही उपाय सुचवू नये. मोजल्याशिवाय सांगितलं तर तो अंदाज झाला, आणि अंदाज सांगायला चार वर्षांच्या डिग्रीची काय गरज?

घरात कोणी इंजिनिअरिंगला गेलं की ते सगळ्या खानदानाचं सर्व्हिस सेंटर होतं. माझी रूममेट मेकॅनिकलची आहे, तिलासुद्धा तिच्या मामाचा फोन येतो, "प्रिंटर का चालत नाही गं?" यात हसण्यासारखं आहे, पण एक जबाबदारीही आहे. आपण जे सांगू ते घरचे करतात. "नवीन घ्या" म्हटलं तर बाबा हप्त्यावर नवीन घेतील. "फॉरमॅट करा" म्हटलं तर करतील. आपला शब्द तपासून बघायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.

आता आमच्या घरचं उदाहरण सांगते. आमच्याकडे २०१६ सालचा डेस्कटॉप आहे: आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज टेन. आई तिच्या बचत गटाचे हिशोब त्यावर ठेवते. गटातल्या बायकांचं कोणाचं किती कर्ज, किती फेडलं, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. आजोबांनी लिहिलेली पत्रं आणि आठवणी त्याच मशीनवर टाइप केलेल्या आहेत. दिवाळी २०२५ च्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बाबांनी आधीच एका दुकानात विचारून ठेवलं होतं. तिथे दोन पर्याय मिळाले होते. एक, पाचशे रुपयांत फॉरमॅट. दोन, पस्तीस हजारांत नवीन मशीन, कारण "तसंही विंडोज टेन आता बंदच झालंय." आमचं मशीन त्या माणसाने उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, हे विशेष!

मी मोबाइलचा स्टॉपवॉच लावला. मशीन पूर्ण चालू व्हायला, म्हणजे बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत, ७ मिनिटं १० सेकंद लागली. म्हणजे ४३० सेकंद. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "एवढा वेळ तो करतो तरी काय?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण या प्रश्नाचं उत्तर हेच ट्रबलशूटिंग. गंमत म्हणजे माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे बूट, कर्नल, ड्रायव्हर, सर्व्हिस हे शब्द तोंडात सहज येतात. पण आजीसमोर "बूट व्हायला वेळ लागतो" म्हटलं की ती दाराकडे बघते, कोणाचे बूट म्हणून! मराठीत समजावायला बसलं की नुसत्या शब्दांवर भागत नाही, आतली गोष्टच सांगावी लागते. तर ती अशी.

बटण दाबल्यावर तीन टप्पे होतात. पहिल्या टप्प्यात मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम, ज्याला जुन्या मशीनमध्ये बायोस आणि नव्यात यूईएफआय म्हणतात, तो रॅम, कीबोर्ड, डिस्क सगळे हजर आहेत का ते बघतो. ही शाळेतली हजेरी समजा. दुसऱ्या टप्प्यात डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये येते, तिचे ड्रायव्हर्स आणि सर्व्हिसेस सुरू होतात आणि पासवर्ड विचारला जातो. तिसऱ्या टप्प्यात पासवर्ड दिल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण खरं काम अजून चालूच असतं. अँटिव्हायरस, अपडेटर, चॅटचं अ‍ॅप, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, सगळे एकदम जागे होतात.

प्रत्येक टप्प्याचे संशयित वेगळे असतात. पहिला टप्पा लांबला तर विंडोजला दोष देण्यात काही अर्थच नाही, कारण विंडोज अजून आलेलीच नसते! तिथे बघायचं की पेनड्राइव्ह लावून ठेवलाय का, बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं आहे का, मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल संपलाय का. तो सेल संपला की घड्याळ आणि सेटिंग्ज पुसल्या जातात, आणि काही मशीन दर वेळी एखादी की दाबायला सांगून थांबून राहतात. दुसरा टप्पा लांबला तर ड्रायव्हर, अर्धवट अपडेट किंवा डिस्क. तिसरा लांबला तर स्टार्टअपचे प्रोग्रॅम, कमी रॅम किंवा पुन्हा डिस्क.

आमच्याकडे हे आकडे आले: पहिला टप्पा २२ सेकंद, दुसरा १५८, तिसरा २५०.

स्टॉपवॉचवर विश्वास नसेल तर विंडोज स्वतःच हिशोब ठेवते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वरच्या कोपऱ्यात पहिल्या टप्प्याचा वेळ दिलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स नावाचा लॉग आहे, त्यात १०० क्रमांकाची नोंद म्हणजे बूटला लागलेला वेळ, तोही मिलिसेकंदात. त्याच लॉगमध्ये १०१ ची नोंद असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने उशीर केला ते, १०२ मध्ये ड्रायव्हर आणि १०३ मध्ये सर्व्हिस. लिनक्सवाल्यांसाठी सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ही कमांड आहे, तिच्यापुढे ब्लेम लिहिलं की कोणाला किती वेळ लागला याची यादीच हातात येते. इतकं सगळं फुकट मिळत असताना आपण डोळे मिटून औषध का द्यावं?

आणखी एक बारीक गोष्ट. विंडोज एटपासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलते. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे "काल बंद करून चालू केला, तरी तसाच" या वाक्यावर विसंबून चालत नाही. मोजताना दोन्ही मोजायचं. आमच्याकडे दोन्हीत फारसा फरक आला नाही.

आता उपायाकडे. नेटवर कुठेही शोधा, पहिला सल्ला असतो की स्टार्टअपचे प्रोग्रॅम बंद करा. मी केले. तिसरा टप्पा २५० वरून २०५ वर आला. चांगलंच आहे, पण एकूण ४३० सेकंदांतले ४५ कमी झाले, जेमतेम दहा टक्के. इथे मला आमच्या कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरातला अ‍ॅमडालचा नियम आठवला. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला. तो असा की एखाद्या कामाचा एक भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, तरी उरलेला भाग जितका वेळ घेतो त्यापलीकडे एकूण फायदा जात नाही. व्हायवासाठी आपण हे सूत्र घडाघडा म्हणतो. पण घरच्या पीसीसमोर बसल्यावर ते आठवत नाही, आणि पहिला टप्पा २२ सेकंदांचा असताना बायोसच्या सेटिंग्जमध्ये तासभर घालवणारे महाभाग आपल्यातच आहेत!

मग वेळ खरा कुठे जात होता? टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास आरामात बसलेला, आणि डिस्क सलग शंभर टक्के. पण शंभर टक्के राबून ती वाचत किती होती? सेकंदाला दोन-तीन एमबी.

हॉस्टेलकरांना हे लगेच कळेल. सकाळी साडेसातला मजल्यावरच्या एकुलत्या गरम पाण्याच्या नळासमोर बादल्यांची रांग लागते. उशीर का होतो? याला दोन कारणं असू शकतात. रांग मोठी आहे, किंवा नळालाच पाणी बारीक येतंय. स्टार्टअपचे प्रोग्रॅम म्हणजे रांगेतल्या बादल्या, आणि हार्ड डिस्क म्हणजे नळ. नळ चांगला असेल तर दहा बादल्या कमी केल्यावर फरक पडतो. नळच चोंदला असेल तर कितीही बादल्या काढा, शेवटच्या मुलीला पहिलं लेक्चर चुकणारच.

धडधाकट हार्ड डिस्कसुद्धा या कामात मुळातच मंद असते. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हेड योग्य जागी सरकायला साधारण ८-९. म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला फार तर ऐंशीच्या आसपास वाचून होतात. आणि चालू होताना तर अशा हजारो छोट्या गोष्टी वाचायच्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर होतं. पण आमची डिस्क त्या ऐंशीच्याही खाली होती. ती मंद होतीच, शिवाय काहीतरी बिघडलं होतं.

खात्री करायला दोन गोष्टी केल्या. एक, पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवलं, हार्ड डिस्कला हात न लावता. मशीन मजेत चालू लागलं. म्हणजे प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड निर्दोष सुटले. दोन, डिस्कचा स्मार्ट अहवाल काढला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्यात पेंडिंग सेक्टर नावाचा आकडा असतो. वाचता न आलेले आणि पुढे काय करायचं हे न ठरलेले सेक्टर. तो शून्य असायला हवा. आमच्याकडे तो शून्य नव्हता, आणि दोन दिवसांत वाढला. असा सेक्टर वाटेत आला की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर विंडोज बिचारी ताटकळत उभी राहते.

आता विचार करा, या अवस्थेत दुकानातला पाचशे रुपयांचा इलाज केला असता तर काय झालं असतं? मरायला टेकलेल्या डिस्कवर अख्खी विंडोज नव्याने लिहिली गेली असती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो इलाज काही दिवस लागूही पडला असता! कारण खराब सेक्टरवर नव्याने लिहिलं की डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरते, स्टार्टअपचे प्रोग्रॅमही गेलेले असतात, आणि मशीन पळायला लागतं. घरचे खूश, दुकानदार खूश. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच, किंवा एके दिवशी डिस्क कायमची गप्प. फॉरमॅटची कीर्ती अशीच वाढलेली आहे. औषधाने लक्षण जातं, रोग आत तसाच राहतो.

आणि डेटा? दुकानात "बॅकअप घेऊन ठेवतो" म्हणतात, पण बॅकअप कशाचा घ्यायचा हे घरच्या माणसालाच माहीत असतं. आजोबांची पत्रं युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत. फाइली वाचल्या आणि तो फाँट मात्र फॉरमॅटमध्ये गेला, तर पत्र उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भेळपुरीसारखा कालवा दिसतो. फाइल आहे पण वाचता येत नाही! हे शहाणपण कोणत्याही पाचशे रुपयांच्या पॅकेजमध्ये येत नाही. मी सगळ्यात आधी लाइव्ह लिनक्समधूनच हिशोब, फोटो, पत्रं आणि फाँटचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढला. दुरुस्ती त्यानंतर.

नंतर तेवढ्याच क्षमतेची एसएसडी आणली, चार हजारांच्या आसपास पडली. डीडीरेस्क्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर खराब सेक्टर बाजूला ठेवून उरलेलं आधी उतरवून घेतं, त्याने जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली. तीच विंडोज, तेच प्रोग्रॅम. बंद केलेले स्टार्टअपचे प्रोग्रॅमसुद्धा मुद्दाम परत चालू केले. का? कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच फरक कशामुळे पडला ते कळतं. स्टॉपवॉच लावला. ५२ सेकंद! रॅम तीच, प्रोसेसर तोच. ४३० चे ५२.

आता दुकानदाराच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, कारण तो खोटा नव्हता. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमचा २०१६ चा प्रोसेसर विंडोज इलेव्हनच्या यादीत बसत नाही. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर बँकेचं काम करू नये, हेही खरं. पण मशीन हळू चालणं हा एक प्रश्न आणि मशीन असुरक्षित असणं हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची भीती दाखवून दुसऱ्याचं उत्तर विकायचं, आणि तेही पस्तीस हजाराला, हे मला पटत नाही. आम्ही दोन्ही प्रश्न वेगळे सोडवले. मोजून झाल्यावर त्याच एसएसडीवर लिनक्स टाकलं. आईची एक्सेल फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते, बेरजा बरोबर येतात, आजोबांचा फाँटही बसला. तुमच्या घरी एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल. येऊ दे. पण ते बघून आलेलं उत्तर असावं.

काही जण म्हणतील, "एवढा वेळ कोणाला आहे? सबमिशन, टेस्ट, त्यात हे कुठे?" खरं सांगू, मोजायला मला एक संध्याकाळ लागली. फॉरमॅटनंतर ड्रायव्हर शोधा, प्रिंटर बसवा, अपडेट होऊ द्या, फाँट टाका, यात एक अख्खा दिवस जातो, तो मात्र आपण हिशोबात धरत नाही. आणि रोजची सहा मिनिटं वर्षात तीनशे दिवस धरली तर तीस तास होतात. आई इतके तास कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसत होती.

आपल्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये सर्किट आधीच जोडलेलं असतं, रीडिंग काय यायला हवं हे माहीत असतं, आणि नाही आलं तर सीनियरची जर्नल असतेच! बिघाड शोधायची वेळ आमच्यावर येतच नाही. एका सेमिस्टरमध्ये निदान एक प्रॅक्टिकल असं ठेवा की लॅबमधला एखादा खरोखर हळू चालणारा पीसी (ते शोधायला फार लांब जावं लागणार नाही!) गटाला द्यावा, फॉरमॅट करायला बंदी असावी, आणि मार्क फक्त एका गोष्टीला असावेत: वेळ कुठे जातो हे पुराव्यासकट सांगा. उत्तर कुठल्याच जर्नलमधून उतरवता येणार नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, आता सुट्टीत घरी जाल तेव्हा कोणीतरी म्हणेलच, "कॉम्प्युटर हळू झालाय रे, बघ जरा." बघाच. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा, घरच्यांना विचारून. मग स्टॉपवॉच लावा, तिन्ही टप्प्यांचे आकडे कागदावर लिहा, डिस्कचा स्मार्ट अहवाल काढा. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. एवढं करून शेवटी फॉरमॅटच करावं लागलं तर खुशाल करा. फक्त का करताय ते आईबाबांना त्यांच्या भाषेत सांगून करा. त्यांना समजेल असं सांगता आलं, तर आपल्यालाही समजलंय असं धरायला हरकत नाही.